एका हातात वही, दुसऱ्या हातात पावतीपुस्तक
(जिल्हा पत्रकार अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



'पत्रकारितेतील नीतिमूल्ये' या विषयावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. हा विषय जाहीर झाला की निम्मा मंडप चहाला उठतो, हे मला माहीत आहे. नीतीवरचं भाषण म्हणजे चांगलं वागण्याचा उपदेश, असा आपला आजवरचा अनुभव. तो उपदेश मी करणार नाही. बातमीदार सज्जन असला म्हणजे बातमी नीतीची होते, हेच मुळात मला मान्य नाही. आपल्या धंद्यात नीती स्वभावात कमी आणि कामाच्या रीतीत जास्त असते.

दरवर्षी 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. 1832 साली त्या तारखेला 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. तो काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतो, शाल-श्रीफळ घेतो. शाल पांघरणारा हात पुष्कळदा त्याच पुढाऱ्याचा असतो, ज्याच्या टेंडरबद्दल दुसऱ्या दिवशी आपल्याला लिहायचं असतं. असो.

मला आज आठवण करून द्यायची आहे ती 1882 च्या कोल्हापूर प्रकरणाची. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला. आधाराला काही पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रं बनावट ठरली. या पत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली ती झालीच. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी 101 दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ते 101 दिवस आपल्याला शाळेत शिकवले जातात. बनावट पत्रांचा धडा मात्र कुणी घेत नाही.

त्या दोघांच्या हेतूवर बोट ठेवायला जागा नाही. शंकाही हवेतली नव्हती. ते तरुण महाराज, चौथे शिवाजी, पुढच्याच वर्षी अहमदनगरला नजरकैदेत वारले. म्हणजे हेतू शुद्ध, शंका रास्त, आणि हातातला कागद खोटा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला त्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अन्यायाची चीड आली की कागद तपासायचा धीर राहत नाही. बर्व्यांनाही अब्रू होती, हे तेव्हा पुण्यात किती जणांच्या मनात आलं असेल?

आज तो कागद व्हॉट्सअॅपवर येतो. सही-शिक्क्याचं पत्र, खाली शंभर जणांनी 'फॉरवर्ड' केलेलं. सरकारी पत्रावर जावक क्रमांक असतो, तारीख असते. त्या कार्यालयातल्या आवक-जावक टेबलावर एक फोन केला की पत्र खरं की खोटं, हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. हा फोन मला कुठल्याही आचारसंहितेपेक्षा मोठा वाटतो. पण दुसऱ्या चॅनेलने आधीच 'ब्रेकिंग' चालवलेलं असतं, डेस्कवरून विचारणा सुरू झालेली असते, आणि तो फोन राहून जातो.

पुष्कळांना वाटतं, कायदा पाळला की झालं. कायद्याची रेघ आहेच, आणि ती आपण समजतो त्यापेक्षा कडक आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पीडित बालकाचं नावच काय, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार, घरच्यांचा तपशील, काहीही छापता येत नाही. तरी आपल्या पानांवर 'नाव गुप्त ठेवले आहे' असं लिहून पुढच्याच वाक्यात वाडीचं नाव, मुलीची इयत्ता आणि बापाचं किराणा दुकान येतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात मग गुप्त काय उरलं?

पण कायदा जिथे गप्प बसतो, तिथे खरी परीक्षा असते. एखाद्या शिक्षकाला अपहाराच्या गुन्ह्यात अटक होते. पहिल्या पानावर चार कॉलम, फोटोसकट. सात-आठ वर्षांनी तो निर्दोष सुटतो. निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कचेरीत येतो, उभ्या उभ्या विचारतो, "साहेब, एवढं छापाल का?" उपसंपादक प्रत उलटीपालटी करतो आणि म्हणतो, "आता यात बातमी काय आहे?" अटकेची बातमी छापली म्हणून सुटकेचीही छापा, अशी सक्ती कायद्याने केलेली नाही. म्हणून त्या माणसाचं आपण काही देणं लागत नाही काय?

आता पैशाचं बोलू, कारण त्यावाचून हे भाषण लबाडीचं होईल. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं गुणगान करणारा, शब्दान् शब्द सारखा मजकूर एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी दैनिकांत छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, 2010 मध्ये पेड न्यूजवर नावानिशी अहवाल दिला. कौन्सिलने तो पूर्ण छापायचं टाळलं. माहिती आयोगाने 2011 मध्ये आदेश दिल्यावर तो लोकांसमोर आला. दुसऱ्यांकडे माहिती मागत फिरणारा आपला धंदा स्वतःवर वेळ आली तेव्हा असा वागला.

ते वरच्या मजल्यावरचं झालं. तालुक्यात काय चालतं? बातमीदाराला पगार नाही. मानधन मिळतं तेही पेट्रोलला पुरत नाही. त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, 26 जानेवारी, साहेबांचा वाढदिवस, वर्धापनदिनाची पुरवणी, प्रत्येकाचं 'टार्गेट' ठरलेलं. सकाळी रस्त्याच्या खडीबद्दल ज्या ठेकेदाराला प्रश्न विचारायचा, संध्याकाळी त्याच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायची. पाकीट घेणाऱ्याला आपण नावं ठेवतो. त्याला पाकिटापर्यंत आणून सोडणाऱ्याचं नाव मात्र अधिवेशनाच्या बॅनरवर झळकतं.

यात बातमीदाराची सुटका करण्याचा माझा इरादा नाही. बातमी न लावण्याचे पैसे मागणं ही खंडणी आहे, मग घरी कितीही ओढाताण असो. पण ज्याच्या एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक दिलंय, त्याला नीतीचे धडे देण्याआधी ते पुस्तक काढून घ्या, एवढं मी मालकांना बजावून सांगतो.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. बातमीदाराकडे जाहिरातीचं काम देऊ नये. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात असावा. आणि ज्या पानावर आरोप छापला, त्याच पानावर निर्दोष सुटल्याची बातमी यावी. ठरावाला अनुमोदन तालुक्याच्या बातमीदाराने द्यावं, अशी माझी विनंती आहे. मालक मंडळी पहिल्या रांगेत बसलेली असतील. तरीही उभे राहा.