दोन हप्ते

मराठीत ‘हप्ता’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कर्ज फेडताना दरमहा जी रक्कम भरावयाची तीही हप्ता, आणि विमा चालू राहावा म्हणून जी द्यावयाची तीही हप्ताच. भाषेच्या दृष्टीने ह्यात वावगे काही नाही. परंतु घरासाठी कर्ज काढणारा मनुष्य ज्या टेबलापाशी बसून सह्या करतो, तेथे ह्या एका शब्दामुळे दोन निरनिराळे करार एकच भासू लागतात. समोरचा अधिकारी म्हणतो, “विम्यासकट हप्ता इतका पडेल,” आणि ऋणको मान हलवतो. त्या ‘सकट’ शब्दात काय काय दडलेले असते, ह्याविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम ह्या विम्याची बाजू मांडली पाहिजे, कारण मूळ कल्पना चांगली आहे. पस्तिशीतला गृहस्थ वीस वर्षांच्या मुदतीने घर गहाण टाकतो. ह्या वीस वर्षांत त्याचे काही बरेवाईट झाले तर कर्ज त्याच्याबरोबर जात नाही. ते घरापाशीच राहते. हप्ते थकले आणि खाते बुडीत ठरले की २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, गहाण घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. घरात मिळवते माणूस उरले नसताना ही नोटीस दारावर यावी, ह्यासारखा प्रसंग नाही. अशा वेळी विमा कंपनीने उरलेले कर्ज फेडून टाकावे आणि घर मोकळे व्हावे, एवढाच ह्या विम्याचा हेतू. ह्याची गरज अनेक कुटुंबांना असते, आणि विमा म्हटला की तो गळ्यात मारलेलाच असणार, असे मानणेही बरोबर नव्हे.

आता त्याची घडण पाहू. बहुधा हा सामूहिक विमा असतो. मूळ पॉलिसी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावाने असते आणि ऋणकोच्या हाती केवळ विमा-प्रमाणपत्र येते. विम्याची रक्कम वर्षागणिक उतरत जाते, कारण कर्जही उतरत जाईल असे धरलेले असते. हे उतरणे आरंभीच एका तक्त्यात आखून ठेवतात. पुढे व्याजाचा दर वाढला आणि कर्ज ठरल्यापेक्षा सावकाश फिटू लागले, तर तक्त्यातील रक्कम आणि प्रत्यक्ष देणे ह्यांत फरक पडतो; तो फरक कुटुंबाने भरावयाचा असतो. मृत्यूनंतर येणारा पैसा आधी बँकेकडे जातो आणि तिचे देणे भागून काही उरलेच तर वारसाकडे येतो. त्यातही पती-पत्नींनी मिळून कर्ज काढले असताना विमा मात्र एकाचाच काढलेला असतो, असे पुष्कळदा आढळते. हप्ता दोघांच्या पगारातून जातो. संरक्षण एकाच्या आयुष्याला!

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते विम्याच्या हप्त्याकडे. तो सहसा एकरकमी असतो आणि खिशातून द्यावा लागत नाही. तो कर्जातच मिळवतात. ही सोय फार मोहक असते. समजा, घराच्या चाळीस लाखांच्या कर्जावर १,२०,००० रुपयांचा एकरकमी विमा घेतला आणि तो साडेआठ टक्के व्याजाच्या वीस वर्षांच्या कर्जात मिसळला. त्याच्यापायी मासिक हप्ता सुमारे १,०४१ रुपयांनी वाढतो. हजार रुपये कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण २४० महिन्यांत त्याचे जवळजवळ अडीच लाख होतात. आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाचा ह्या हिशेबाशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आकडा पाहिला की त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि विमा जर पाच किंवा दहाच वर्षांचा असेल, तर तो संपल्यानंतरही त्याच्या किमतीवर व्याज चालूच राहते.

ह्याच्या शेजारी साधा मुदत विमा ठेवून पाहावा. तो स्वतःच्या नावाने असतो, त्याची रक्कम उतरत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेले तरी त्याला धक्का लागत नाही. विवाहित पुरुषाने तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली काढला, तर ते पैसे पत्नी व मुले ह्यांच्यासाठी न्यास म्हणून राहतात आणि धनकोला त्यांवर हक्क सांगता येत नाही. घर सोडवायचे की आधी मुलांचे शिक्षण पुरे करावयाचे, हे मग त्या घरातील माणसे ठरवतात. प्रकृतीच्या कारणाने ज्यांना असा विमा मिळत नाही, त्यांना कर्जाबरोबरचा सामूहिक विमा उपयोगी पडतो. पण ही निवड करावयाची हे आधी कळले पाहिजे, आणि नेमके तेच कळू दिले जात नाही.

गृहकर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे असे सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. बँकेच्या ग्राहकाने विमा घ्यावा तो केवळ स्वेच्छेने, आणि बँकेच्या इतर सेवांशी त्याची सांगड घालू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१५ साली बँकांना स्पष्ट बजावले. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी तिने आणखी एक चांगली गोष्ट केली: ऋणकोला ठळक बाबींचे एक पत्रक देणे आवश्यक केले, आणि कर्जाचा जो एकूण वार्षिक खर्च त्यात दाखवावयाचा, त्यात विम्यासारखे तिऱ्हाइतासाठी वसूल केलेले आकारही धरावयास सांगितले. सही करण्यापूर्वी एवढे एक पत्रक जरी सावकाश वाचले, तरी ‘सकट’ ह्या शब्दाचा उलगडा बराचसा होतो.

हा प्रकार आपल्याकडेच चालतो असे मात्र कोणी समजू नये. त्याचा सर्वांत मोठा हिशेब झाला तो ब्रिटनमध्ये. आजारपण, अपघात वा बेकारी आली तर कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरील, अशा प्रकारचा विमा तेथे गहाण-कर्जापासून क्रेडिट कार्डापर्यंत सर्वांबरोबर विकला जाई. पीपीआय ह्या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. मुख्यतः १९९० ते २०१० ह्या काळात सुमारे सहा कोटी चाळीस लाखांपर्यंत अशा पॉलिसी विकल्या गेल्या. ज्यांचा स्वतंत्र धंदा होता, ज्यांना जुने दुखणे होते, अशा लोकांनाही त्या दिल्या गेल्या. आणि अशांना त्या विम्यातून काही मिळणार नाही, हे बारीक अक्षरांत लिहून ठेवलेले असे.

ह्या धंद्याचे पोट किती मोठे होते, ते एका खटल्यात उघडे पडले. एका विधवा अध्यापिकेने घर तारण देऊन दहा वर्षांसाठी ३४,००० पौंडांचे कर्ज काढले. त्यावर ५,७८० पौंडांचा एकरकमी विमा चढवला गेला. कर्ज दहा वर्षांचे, विमा पाच वर्षांचा! त्या ५,७८० पौंडांपैकी विमा कंपनीकडे पोहोचले अवघे १,६३०. उरलेले, म्हणजे शेकडा ७१.८, दलाल आणि कर्ज देणारी संस्था ह्यांनी आपसांत वाटून घेतले. बाईंना ह्यातले काहीही सांगितलेले नव्हते. २०१४ च्या नोव्हेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, एवढी दलाली लपवून ठेवल्याने धनको आणि ऋणको ह्यांच्यातील संबंधच अन्यायाचा झाला.

तोवर बराच इतिहास घडून गेला होता. नागरिकांना सल्ला देणाऱ्या एका जुन्या संस्थेने २००५ साली सरकारी यंत्रणेकडे एकत्रित तक्रार नेली. २०१० साली नियामकाने जुनी विक्री तपासण्याचे नियम केले. त्यांविरुद्ध बँकांची संघटना न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. मग लॉइड्स बँकेने एकटीने ३.२ अब्ज पौंड बाजूला काढले, आणि इतरांना तिच्यामागून जावेच लागले. तक्रारीची अखेरची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली; ती लोकांना कळावी म्हणून नियामकाने ॲर्नॉल्ड श्वार्झनेगर ह्या नटाचे यांत्रिक मस्तक करून त्याच्याकरवी जाहिराती केल्या, हे मला सरकारी नोकर ह्या नात्याने विशेष वाटले. एकंदर भरपाई सुमारे ३८ अब्ज पौंडांच्या घरात गेली. तक्रार फुकट करता येत असताना लक्षावधी लोकांनी ती मध्यस्थांमार्फत केली आणि आपल्याच पैशांतून त्यांना मोबदला दिला. अखेर २०१८ साली कायद्याने ह्या मोबदल्याला शेकडा वीसची मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडे अशी एकगठ्ठा भरपाई झालेली नाही. प्रत्येकाने आपापले पत्र लिहावयाचे आहे. पण लिहिले तर वाट आहे. पहिली वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. त्या दिवसांपुरती जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक ह्यांचा खर्च वजा जाऊन बाकीचे पैसे मिळतात. अडचण अशी की, कागद कर्जाच्या फायलीत जातो आणि फाईल कपाटात. घराच्या रंगापासून पंख्यांपर्यंत सर्व काही त्याच महिन्यात ठरवावयाचे असते!

माझ्या परिचयाचे एक अधिकारी आहेत; मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी उत्तरेत. त्यांनी पुण्यातील सदनिकेसाठी कर्ज काढले. तीन वर्षांनी प्राप्तिकराच्या कामासाठी खातेउतारा मागवला, तेव्हा मूळ कर्जात विम्याची रक्कम मिळवलेली दिसली. “हे सगळ्यांनाच घ्यावे लागते,” असे त्यांना सांगण्यात आले होते. विमा दहा वर्षांचा, कर्ज वीस वर्षांचे, आणि पत्नीच्या नावावर काहीच नाही. मित्रमंडळी म्हणाली, सही तुमची आहे, आता काय उपयोग? त्यांनी वाद घातला नाही. आधी त्यांनी आपण सही केलेल्या प्रस्तावाची प्रत मागितली. तीत ‘मला कोणताही आजार नाही’ हे निवेदन दुसऱ्याच्या हस्ताक्षरात भरलेले होते; वस्तुतः त्यांना मधुमेह होता आणि तो त्यांनी तोंडी सांगितलाही होता. म्हणजे पैसे तर गेलेच होते. शिवाय मधल्या काळात काही घडले असते, तर ह्याच वाक्यावर बोट ठेवून दावा नाकारला गेला असता. विमा कायद्याच्या सुधारलेल्या ४५ व्या कलमाप्रमाणे तीन वर्षे लोटल्यावर कंपनीला अशी हरकत घेता येत नाही; पण ती तीन वर्षे त्यांच्या कुटुंबाने, नकळत, उघड्यावर काढली होती.

त्यांनी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला निरनिराळी पत्रे पाठवली. काय सांगितले गेले, कागदात काय आहे, आपणास काय हवे, एवढेच त्यांत होते. संताप नव्हता. उत्तर आले, ‘आपण स्वखुशीने सही केली आहे.’ तेव्हा ते विमा लोकपालांकडे गेले. सुनावणीपूर्वीच कंपनीने तडजोड केली, आणि परत आलेली रक्कम कर्जाच्या मुदलातून कमी झाली.

विमा लोकपालाच्या ह्या व्यवस्थेचे नियम २०१७ चे आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तिने ती फेटाळली, वा महिनाभरात उत्तर दिले नाही, वा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे लागते. हे एक वर्ष हातचे सुटते ते बहुधा, ‘पाहू, करू’ म्हणण्यात. पन्नास लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात, सामूहिक विम्याचीही. फी नाही, आणि वकीलही लागत नाही. तेच प्रकरण न्यायालयात वा ग्राहक आयोगात चालू असता कामा नये. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधतो, आणि तीस दिवसांत तो तिने अमलात आणावयाचा असतो; तक्रारदाराला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, मात्र तेथे दोन वर्षांची मुदत पाहावी लागते. दोष बँकेचा असेल, म्हणजे विमा घेतल्यावाचून कर्ज नाही असे तिने म्हटले असेल, तर ती तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे वेगळी करावी. विमा नियामक प्राधिकरणाची ‘बीमा भरोसा’ ही व्यवस्था आणि १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांक हेही आरंभीच्या तक्रारीसाठी आहेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घर पुण्यात वा नाशिकात घेतले म्हणून तक्रारीसाठी तेथेच खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार जेथे राहतो त्या प्रदेशाच्या लोकपालांकडेही तक्रार नेता येते. इंदूरच्या मंडळींना त्यासाठी भोपाळचे कार्यालय आहे, बडोदेकरांना अहमदाबादचे, आणि बेळगाव-धारवाडकडच्यांना बंगळूरचे.