लाकडातील ओलावा



शाळेचे दार पावसाळ्यात चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांमधून उजेड दिसतो. दोष सुताराला दिला जातो. पुष्कळदा तो ओले लाकूड ताब्यात घेणाऱ्या आपलाच असतो.

ताज्या लाकडात पाणी पेशींच्या पोकळीत असते, तसेच पेशींच्या भित्तिकांतही. पोकळीतील पाणी गेल्याने आकार बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भित्तिका आकसू लागतात. वर्षवलयांच्या दिशेने हे आकसणे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. फळी वाकते ती यामुळेच.

मोजणी अवघड नाही. फळीच्या टोकापासून दूरचा तुकडा तोलावा आणि वजन स्थिर होईपर्यंत १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवावा. २५० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅम भरला, तर ओलावा २५ टक्के, २० नव्हे. भागावयाचे ते कोरड्या वजनाने.

सागवानास तपासणी कशाला, असे म्हणणारे भेटतात. सागही आकसतो, कमी, इतकेच. फळ्या उन्हात न टाकता छपराखाली, जमिनीपासून उंच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. टोकांतून पाणी झपाट्याने जाऊन भेगा पडतात, म्हणून तेथे डांबर लावावे.

भारतीय मानक २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे विभाग पाडून ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. कोकणात चालणारे लाकूड मराठवाड्यात चालेलच असे नाही. आपल्या विभागाची मर्यादा निविदेत लिहावी आणि देयक मंजूर करण्यापूर्वी तुकडा तोलून पाहावा.