ब्रेक ऑइल : गाडी उभी असली तरी म्हातारं होणारं

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कट्ट्यावर आजवर मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गुडघेदुखी तर दोनदा झाली. आज मी ब्रेक ऑइलवर बोलणार म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या. मी मेकॅनिक नाही. पण एका चुकीतून जे शिकलो, ते सांगायचा मला हक्क आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडीत सौ. आणि दोन नातवंडं. कुंभार्ली घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी सोडली होती. निम्म्या घाटात पेडल एकदम मऊ लागलं, उशीवर पाय ठेवावा तसं. गाडी थांबेना. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबलं, गिअर दुसरा, मग पहिला टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी थांबवली. सौ. एक शब्द बोलली नाही, यावरूनच प्रसंग ओळखा!

गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट! चिपळूणला मेकॅनिकने विचारलं, "काका, ब्रेक ऑइल कधी बदललंय?" मी गप्प. कारण आधीच्या सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमध्ये ते होतं आणि मीच ते खोडलं होतं. म्हटलं, गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, कशाला उगाच खर्च?

चूक इथेच होती. ब्रेक ऑइल किलोमीटरने नाही, काळाने म्हातारं होतं. बँकेत खातं निजलेलं असलं तरी व्याज चढत राहतं ना, तसं यात पाणी चढत राहतं. आपण ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. ग्लायकोल जातीचं रसायन आहे. मिठासारखं ते हवेतला ओलावा शोषतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून थोडा थोडा ओलावा आत जातोच. आपल्याकडचा पावसाळा तर विचारूच नका.

आता पाण्याने काय होतं? द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. घाटात ब्रेक तापले की ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. ऑइलमध्ये पाणी असेल तर ते लवकर उकळतं आणि वाफ होते. वाफ मात्र दाबली जाते. आपला जोर वाफ दाबण्यातच खर्च होतो. थंड झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो, म्हणून माझं पेडल परत आलं.

बाटलीवर 'डॉट ३', 'डॉट ४' असं लिहिलेलं असतं. ही अमेरिकेच्या परिवहन खात्याची प्रतवारी. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरल्यावर १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे ओलावा शोषलेलं डॉट ४ हे नव्या कोऱ्या डॉट ३ पेक्षाही कच्चं! नुसतं भारी ऑइल घालून भागत नाही, वेळेवर बदलावं लागतं.

कोणतं घालायचं? टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच. डॉट ४ सांगितलं असेल तर स्वस्त म्हणून डॉट ३ घालू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. ते आपल्या नेहमीच्या गाड्यांत घालायचं नसतं. डॉट ५.१ हे नाव जवळचं असलं तरी ते ग्लायकोलचंच, गोंधळ करू नका.

आणखी काही गोष्टी :

१. साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तकात त्याहून लवकर सांगितलं असेल तर तेव्हा बदला. गाडी उभी असली तरी.

२. सीलबंद बाटलीच वापरा. मागच्या वेळची उरलेली अर्धी बाटली माळ्यावरून काढू नका.

३. वरच्या टाकीतलं उपसून नवं भरलं म्हणजे बदललं असं नाही. चारही चाकांकडून जुनं निघालं पाहिजे.

४. पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये हवी. खाली गेली तर पॅड झिजलेत किंवा गळती आहे. नुसती भर घालून गप्प बसू नका.

५. काळपट झालेलं ऑइल जुनंच समजा. पण स्वच्छ दिसतं म्हणून पाणी नाही, असं समजू नका. गॅरेजमध्ये तपासायचं यंत्र असतं.

६. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, रबर फुगतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उडतो.

आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा. ब्रेक दाबा, सोडा. पाय ठेवून बसू नका.

आपल्या लिफ्टचा देखभालीचा करार आपण एक दिवस चुकू देत नाही. खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या असलेल्या गाड्यांचं काय? मुदत ठेवीची तारीख जशी डायरीत लिहिता, तशी ही तारीखही लिहा. मी चार पैसे वाचवायला गेलो आणि नातवंडं पणाला लावली होती. तुम्ही तसं करू नका, एवढंच सांगायचं होतं.

आता चहा थंड होतोय.