सर्व्हरच्या आधी लायसन्स मोजा : चाकणच्या कंपनीसाठी डेटाबेस निवडताना

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. पण चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात आयटीचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तो कधी ना कधी येतोच. कंपनीच्या सर्व्हरवर डेटाबेस कुठला टाकायचा आणि त्याचं लायसन्स कसं घ्यायचं?

मी इथल्याच एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आपल्याकडे खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी सर्व्हर येतो. हार्डवेअरवाला सांगतो, "साहेब, दोन प्रोसेसरचाच घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको." परचेसवाले तीन कोटेशन मागवतात, घासाघीस होते, पीओ निघतो. बॉक्स रॅकमध्ये बसतो. आणि मग कोणीतरी विचारतं, "अरे, डेटाबेसचं लायसन्स काय करायचं?"

माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी लायसन्स मोजा, मग सर्व्हर घ्या. का, ते आकड्यांतच बघू.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरपासून सुरू करतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच ईआरपी आणि शॉप फ्लोअरच्या सॉफ्टवेअरखाली तोच असतो. त्याची स्टँडर्ड एडिशन दोन पद्धतींनी मिळते. पहिली पद्धत कोअरवर. प्रोसेसरमध्ये जितके कोअर, तितकं लायसन्स. ते दोन-दोन कोअरच्या पॅकमध्ये विकतात आणि एका प्रोसेसरला किमान चार कोअर घ्यावेच लागतात. २०२२ आवृत्तीची अमेरिकेतली यादीतली किंमत एका पॅकला ३,९४५ डॉलर आहे. तुमच्या पार्टनरचं कोटेशन वेगळं असेल, पण अंदाजाला हा आकडा पुरतो.

आता तो "पुढची पाच वर्षं बघायला नको" वाला सर्व्हर घ्या. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १६ कोअर, म्हणजे ३२ कोअर. १६ पॅक झाले. ६३,१२० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी साधारण ५३ लाख, वर १८ टक्के जीएसटी. त्याऐवजी एकच आठ कोअरचा प्रोसेसर घेतला असता तर चार पॅक, १५,७८० डॉलर, म्हणजे साडेतेरा लाखांच्या आत. हार्डवेअरच्या कोटेशनमध्ये पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करणारी कंपनी इथे चाळीस लाखांचा फरक न बघता सही करून बसते.

आणि गंमत अशी की २०२२ ची स्टँडर्ड एडिशन जास्तीत जास्त २४ कोअरच वापरते. म्हणजे अख्ख्या मशीनचं लायसन्स घेतलं तर पैसे ३२ कोअरचे आणि काम २४ चं. "मग व्हर्च्युअल मशीन करू, त्याच्या चार-आठ कोअरचंच लायसन्स घेऊ" असं कोणी म्हणेल. घेता येतं. पण २०२२ आवृत्तीपासून त्यासाठी सोबत सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन लागतं. तो खर्च दरवर्षीचा, हे कोटेशन वाचताना लक्षात ठेवा.

दुसरी पद्धत म्हणजे सर्व्हर अधिक कॅल. कॅल म्हणजे डेटाबेस वापरण्याचा परवाना, माणसाच्या किंवा उपकरणाच्या नावावर. यादीत सर्व्हरचं लायसन्स ९८९ डॉलर आणि एक कॅल २३० डॉलर. इथे कोअर मोजतच नाहीत. मग मोजायचं काय? हे चाकणवाल्यांनी नीट ऐका.

समजा लाइनवर २० टर्मिनल आहेत. तीन शिफ्ट चालतात, प्रत्येक टर्मिनलवर शिफ्टला एक ऑपरेटर, म्हणजे ६० माणसं. माणसांच्या नावावर कॅल घेतले तर ६० लागतील. सर्व्हर धरून १४,७८९ डॉलर. उपकरणाच्या नावावर घेतले तर २० पुरतात. सर्व्हर धरून ५,५८९ डॉलर. तेच टर्मिनल, तीच माणसं, तोच डेटाबेस. फरक फक्त मोजायचं काय, याचा. बेंगळुरूच्या आयटी कंपनीत एका माणसाकडे लॅपटॉप, मोबाइल, घरचा पीसी असतो, तिथे माणसाच्या नावावर घेणं बरोबर. आपल्याकडे एका टर्मिनलवर तीन शिफ्टची माणसं येतात, त्यामुळे इथला हिशोब उलटा लागतो. दोन्ही प्रकार मिसळताही येतात : लाइनला उपकरणाचे, ऑफिसातल्या इंजिनिअरना माणसांचे. आणि एक कॅल कंपनीतल्या त्या आवृत्तीच्या आणि जुन्या आवृत्त्यांच्या सगळ्या एसक्यूएल सर्व्हरना चालतो, प्रत्येक सर्व्हरसाठी नवा घ्यायला लागत नाही.

एक पळवाट बरेच जण सुचवतात. "मधे एक सॉफ्टवेअर टाकू. सगळे स्कॅनर त्याच्याशी बोलतील आणि डेटाबेसशी फक्त तेच बोलेल. मग एकच कॅल!" नाही चालत. नियमात याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. मधे काहीही ठेवलं तरी टोकाला जेवढी माणसं किंवा उपकरणं आहेत तेवढीच मोजली जातात. उद्या शंभर-दोनशे उपकरणं जोडायचा बेत असेल, तर कॅलपेक्षा कोअरची पद्धत स्वस्त पडते का, ते आजच कागदावर करून बघा.

आता फुकटच्या एडिशनकडे येऊ. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस फुकट आहे आणि प्रत्यक्ष उत्पादनात वापरायला कायदेशीर आहे. पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. १० जीबी म्हणजे किती, ते मोजू. लाइनवरून दिवसाला २,००० पार्ट निघतात, प्रत्येक पार्टची २० रीडिंग घेतली जातात : टॉर्क, प्रेशर, गेजची मापं. ४०,००० ओळी झाल्या. इंडेक्स धरून एका ओळीला २५० बाइट पकडले तर रोजचे १० एमबी. वर्षाला ३०० दिवस काम, म्हणजे ३ जीबी. सव्वातीन वर्षांत १० जीबी भरले.

भरले की काय होतं? डेटाबेस वाचता येतो, पण नवीन ओळ आत जात नाही. ज्या लाइनवर "रीडिंग सेव्ह झाल्याशिवाय पुढचा पार्ट सोडायचा नाही" अशी इंटरलॉक आहे, ती लाइन तिथेच थांबते. रात्री अडीच वाजता, तिसऱ्या शिफ्टला. आणि तुमचा पार्ट ज्या मोठ्या कंपनीच्या असेंब्लीला रोज मोजून जातो, तिथून सकाळी फोन येतो.

जुना डेटा उडवून टाकू म्हणाल, तर तेही सोपं नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात पार्ट मंजुरीच्या नोंदी तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये आहे तोपर्यंत, आणि त्यानंतर एक कॅलेंडर वर्ष ठेवायच्या असतात. रीडिंग किती वर्षं ठेवायची हे ग्राहकही सांगतो. त्यामुळे "डिलीट मारू का?" हा प्रश्न क्वालिटीवाल्यांना आधी विचारायचा असतो.

२०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी केली आहे. वरच्या हिशोबाने सोळा वर्षं पुरतील. छोट्या शॉपसाठी ही चांगली बातमी आहे. फक्त एक्स्प्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, म्हणजे रात्रीचा बॅकअप आपोआप लागावा याची सोय विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून तुम्हाला स्वतः करावी लागते.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. डेव्हलपर एडिशन फुकट आहे, पण ती बनवायला आणि तपासायला. लाइनवर लावायला परवानगी नाही. आणि इव्हॅल्युएशन एडिशन १८० दिवसांनी बंद पडते. "आत्ता टाकून ठेव, नंतर बघू" असं कोणी म्हणालं, तर त्या "नंतर"ची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून त्याला पाठवा.

क्रॅकबद्दलही बोलू, कारण सांगितलं जातं ते तुम्हालाच : "तू इंजिनिअर आहेस ना, कुठूनतरी टाक." कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ बी. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कलम ६९ प्रमाणे गुन्हा कंपनीचा असेल तर कंपनी चालवणारे जबाबदार धरले जातातच, आणि ज्याच्या संमतीने तो झाला त्या अधिकाऱ्यावरही ती जबाबदारी येऊ शकते. हे साहेबांना नम्रपणे, पण ईमेलवर सांगा.

आता ओरॅकल. स्टँडर्ड एडिशन २ फक्त दोन सॉकेटपर्यंतच्या सर्व्हरवर चालते आणि एका वेळी १६ थ्रेडच वापरते. तिथेही नावावरचं लायसन्स आहे, पण माणसाशिवाय चालणारी उपकरणंही वेगळी मोजतात. कारखान्यात याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. यादीतल्या किमतीच्या पद्धतीत वर्षाचा सपोर्ट लायसन्सच्या २२ टक्के. आणि व्हीएमवेअरवर टाकताना दहा वेळा विचार करा, कारण ओरॅकलच्या धोरणात व्हीएमवेअर हे हार्ड पार्टिशनिंग धरलेलं नाही. छोट्या व्हीएमपुरतं लायसन्स घेतलं आणि हिशोब अख्ख्या क्लस्टरचा निघाला, असा वाद तिथूनच सुरू होतो.

मग तुम्ही म्हणाल, सरळ पोस्टग्रेस टाकू. टाका! पोस्टग्रेसचं लायसन्स बीएसडीसारखं मोकळं आहे. कोअर मोजायचे नाहीत, माणसं मोजायची नाहीत, जीबीची मर्यादा नाही. तोच ३२ कोअरचा सर्व्हर असेल तर सगळे कोअर वापरा. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं ऑफिस आपल्या पुण्यात आहे, त्यामुळे शिकायला आणि विचारायला माणसं जवळ आहेत.

पण इथेही मोजायचं असतंच, फक्त वेगळं. तुमची ईआरपी पोस्टग्रेसवर चालते का? वेंडरकडून लेखी घ्या. बॅकअप परत लावून बघणारा, आवृत्ती बदलणारा, रात्री अडीचला फोन उचलणारा माणूस कोण? तो तुम्ही एकटेच असाल तर लायसन्सचे वाचलेले पैसे तुमच्या झोपेतून जाणार आहेत. त्यातले थोडे सपोर्टच्या करारावर आणि तुमच्या प्रशिक्षणावर खर्च करा, असं मालकांना सुचवायला लाजू नका. मी तर म्हणेन, त्याच प्रस्तावात लिहा.

भोसरी-चाकणमध्ये स्पेशल पर्पज मशीन बनवणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी एक मुद्दा. मशीनसोबत पीसी आणि त्यात डेटाबेस टाकून ग्राहकाला देता ना? मग स्वतःच्या सर्व्हरचे आणि बाहेर देण्याचे नियम वेगळे होतात. मायएसक्यूएल कम्युनिटी जीपीएल लायसन्सवर आहे. स्वतःच्या कंपनीत वापरा, काही प्रश्न नाही. पण आपल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये बांधून ते विकायला गेलात, तर सोर्स कोड उघडा करायचा की ओरॅकलकडून व्यावसायिक लायसन्स घ्यायचं, हा प्रश्न उभा राहतो. पोस्टग्रेसमध्ये कॉपीराइटची सूचना सोबत ठेवली की झालं.

आणि "ओपन सोर्स आहे म्हणजे कायमचं फुकट" हेही गृहीत धरू नका. मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदललं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बदललं, त्यावर लगेच लिनक्स फाउंडेशनखाली वाल्की नावाचा वेगळा फाटा निघाला, आणि २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला. कंपनीच्या आत वापरणाऱ्याला या बदलांचा फारसा चटका बसत नाही, पण डेटाबेस सेवा म्हणून दुसऱ्यांना विकणाऱ्याला बसतो. अपग्रेड करताना नव्या आवृत्तीचं लायसन्स एकदा वाचायचं, ही सवय लावून घ्या.

तर सर्व्हरचा पीओ निघण्याआधी एक पानभर कागद करा. त्यावर सहा गोष्टी लिहा. एक, कुठली सॉफ्टवेअर या डेटाबेसवर चालणार आणि वेंडर काय काय चालवतो. दोन, टर्मिनल किती, माणसं किती, शिफ्ट किती. तीन, रोजचा डेटा किती आणि किती वर्षं ठेवायचा. चार, खरंच किती कोअर लागतात. पाच, सध्याच्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो. उदाहरण देतो, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६ ची आहे. सहा, बिघडलं तर फोन कोण उचलणार.

हा कागद परचेस, क्वालिटी आणि प्लांट हेड, तिघांना पाठवा. तो बनवायला एक गुरुवार पुरतो, लाइन बंदच असते आपल्याकडे त्या दिवशी. टर्मिनल मोजायला मात्र स्वतः शॉप फ्लोअरवर जा, एक्सेलमधल्या जुन्या आकड्यावर विसंबू नका.

तुमच्या कंपनीत हा हिशोब कसा निघाला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!