उपवासानं उधारी फिटत नाही

समजा, तुम्ही मित्राचे पाच हजार बुडवलेत. त्यानं मागितले तर चारचौघांत त्यालाच ‘चिंधी’ म्हणालात. मग २५ तास कडक उपवास केलात, पाणीसुद्धा नाही. फिटलं?

ज्यू धर्म म्हणतो, नाही! योम किप्पूर हा त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातला सगळ्यात पवित्र. (कोकणातले आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली त्याला दारं बंद करण्याचा सण म्हणत.) पण सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय: देवाशी चुकलात तर हा दिवस कामी येईल. माणसाशी चुकलात, तर आधी त्या माणसाची समजूत काढा.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडितानं तर पुढचंही लिहून ठेवलंय. पैसे परत केले तरी माफी मागायचीच. तो ऐकत नाही? त्याच्या तीन मित्रांना घेऊन जा. असं तीनदा. म्हणजे तुमची चूक आणखी तिघांना कळणार! ‘कळत नकळत दुखावलं असेल तर सॉरी’ हा फॉरवर्ड त्यापुढे किती स्वस्त वाटतो ना?

तीनदा जाऊनही तो ताठच राहिला, तर दोष त्याचा. मात्र तो तुमचा गुरू असेल तर हजारदा जा.

आणि तो माणूसच गेला असेल तर? दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि आपण नेमकं काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. त्याचे पैसे द्यायचे असतील तर वारसांना द्यायचे.