सिद्दी स्त्रियांची गोधडी



रायगड जिल्ह्यातील ज्या तळोज्यात आज आपणांस पदवी प्रदान झाली, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मुरूडच्या समुद्रात, जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे, आणि त्याच्या सिद्दी अंमलदारांचा इतिहास आपण मोहिमा नि तहनाम्यांच्या रूपाने शाळेत वाचलेला आहे. परंतु आफ्रिकी वंशाच्याच ज्या माणसांना किल्लेदारी लाभली नाही, जी पोर्तुगिजांच्या गोव्यात गुलाम म्हणून विकली गेली आणि संधी साधून उत्तर कन्नडच्या अरण्यात निसटली, त्यांची कहाणी आपल्या कानी क्वचितच पडते. हल्याळ, यल्लापूर, अंकोला या तालुक्यांत त्यांचे वंशज सिद्दी याच नावाने राहतात; 2003 साली त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. रूपवर्णामुळे स्वतःच्या देशात परके ठरविले जाण्याचे दुःख मनावर जो भार टाकते, तो कोणत्याही सरकारी दाखल्याने उतरत नाही.

त्या वस्त्यांतील स्त्रिया जीर्ण लुगड्या-सदऱ्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात; तिला कवंदी म्हणतात. शिवण काठापासून निघते आणि धावदोऱ्याच्या ओळी चौकटीमागून चौकट आत सरकत मध्याशी मिळतात. आराखडा कागदावर नसतो; कोणत्या रंगाशेजारी कोणता तुकडा, हे शिवणारीच त्या त्या क्षणी ठरविते, आणि चारी कोपऱ्यांवर घडीच्या कापडाची फुले बसल्यावाचून गोधडी उघडीच राहिली असे मानते. जिच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय जमीनमालकाने, सावकाराने वा वनखात्याने केले, तिच्याकडे येथे संपूर्ण मुखत्यारी असते. मनाला उभारी येते ती, माझ्या मते, या मुखत्यारीतून.

गोधडीने मनाला दिलेली अशीच साथ दूर अमेरिकेतही दिसते. तेथे अलाबामा राज्यातील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, 1942 साली पती निवर्तल्यावर मिझूरी पेटवे या स्त्रीने मुलीला हाताशी घेऊन त्याच्या विजारींचे पाय नि सदऱ्यांचे घोळ फाडले आणि त्यांचीच गोधडी शिवली, पांघरली. शोकाला हातांनी वाट करून देण्याची ही बुद्धी तिला कोणा वैद्याने दिली नव्हती. वैद्यक तेथवर पुष्कळ उशिरा पोहोचले. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने 3000 हून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेऊन कलेचा आरोग्याशी असलेला संबंध मान्य केला.

मात्र सुई-दोरा दिला, आता मानसोपचार कशाला नि जमिनीचा हक्क कशाला, असे जो म्हणेल, त्याला आपण ठामपणे अडवावे. अपमान करणारा समाज बदलण्याची जबाबदारी अपमानित बाईच्या शिवणीवर टाकणे हा अन्यायच आहे.

आपणांपैकी जे समुपदेशक, परिचारिका वा शिक्षक होऊन अशा वस्त्यांत जातील, त्यांना माझी विनंती आहे, की समोर बसलेल्या बाईच्या कागदावर व्याधीचे नाव लिहिण्याआधी, ती हातांनी काय करीत असे, कोणाच्या सोबतीने करीत असे आणि ते केव्हा थांबले, हे अवश्य विचारावे. आणि थांबले असल्यास, जुने कापड, दोरा, सोबत की दुपारची उसंत, यांपैकी काय कमी पडले, याची चौकशी करावी.