दावा मागे घेण्यापूर्वी

बेला, जैनद, तामसी या आपल्या कापसाच्या पट्ट्यातले वाटणीचे नि बांधाचे दावे आदिलाबाद जिल्ह्यातल्याच कोर्टात चालतात. भाऊबंद सीमेपलीकडे महाराष्ट्रात किनवटला किंवा पांढरकवड्याला राहत असले तरी जमीन जिथे, दावा तिथेच.

आधी मुदतीबद्दल. समन्स हातात पडल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवतं. त्यानंतरही वाट पूर्ण बंद होत नाही. सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या 2005 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढी मोकळीक ठेवली आहे, पण ती अगदी अपवादात्मक अडचणीसाठी. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये, असंही कायदा सांगतो. आपला वकील दुसऱ्या कोर्टात अडकला, हे कारण त्यात बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. गावात बैठक बसते, जाणती माणसं समजूत घालतात. मोठा भाऊ म्हणतो, ‘केस काढून घे, दोन एकर तुझ्या नावावर करून देतो.’ धाकटा कोर्टात अर्ज देतो आणि दावा काढून घेतो. पुढच्या हंगामात मोठा भाऊ शब्द फिरवतो. धाकटा पुन्हा कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 23 आडवी येते. नव्याने दावा करण्याची परवानगी न घेता दावा मागे घेतला असेल, तर त्याच विषयावर त्याच माणसाविरुद्ध पुन्हा दावा करता येत नाही. वर समोरच्याचा खर्चही अंगावर पडू शकतो. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांत पहिल्यांदा मागे घेतलेला दावा साधारणपणे पुन्हा करता येतो, दुसऱ्यांदा घेतला की मात्र संपलं. आपल्याकडे पहिलीच वेळ शेवटची ठरते, आणि हे साध्या शेतकऱ्याला कुणी वेळेवर सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परवानगीही मागितली म्हणून मिळत नाही. दाव्यात तांत्रिक दोष हवा, नाहीतर तसंच सबळ कारण हवं. सरकारविरुद्ध दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची राहून गेली, हा असाच एक दोष. शिवाय परवानगी मिळाली तरी मुदतीचा कायदा पहिला दावा झालाच नव्हता असं धरतो. उसनवारीच्या पैशांसाठी सर्वसाधारण मुदत 3 वर्षांची, जमिनीच्या मालकीवरून ताबा मागायला 12 वर्षांची. पहिल्या दाव्यात गेलेली वर्षं सहसा त्यातून वजा होत नाहीत. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे दावा चालवला असेल, तर मात्र तो काळ वगळून मिळू शकतो. सीमेवरच्या कुटुंबांनी हे वकिलाला आवर्जून विचारावं.

मग तडजोड करायचीच नाही का? जरूर करा, पण दावा नुसता काढून घेऊ नका. ठरलेलं सगळं सर्व्हे नंबरासह लिहा, दोघांनी सह्या करा आणि कोर्टाकडून त्याप्रमाणे हुकूमनामा करून घ्या. किंवा प्रकरण लोकअदालतीत न्या. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. त्यासाठीचा फोन नंबर आहे 15100.